सर्वांत खालचा थर

११ नोव्हेंबर, सोमवार

आयुष्यभर फील्डच्या वह्या लिहिल्या. थराची जाडी, रंग, घाटातलं कितवं वळण. स्वतःबद्दल त्यात एक ओळ नाही. येत्या मेअखेर निवृत्त होतोय, तेव्हा शेवटच्या वर्षाचं काहीतरी लिहून ठेवावं म्हणून ही डायरी. बायकोनं, त्रिशलानं, सांगलीच्या मारुती रोडवरून आणली. रेघा जवळजवळ आहेत, त्यामुळे अक्षर बारीक येतंय.

काल कोयनेकडे गेलो होतो. बरोबर माझी पीएचडीची विद्यार्थिनी अपेक्षा भोईटे. फलटणकडची मुलगी, वडील लष्करातून सुभेदार होऊन परतलेले. हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट उतरायला लागलं की लाव्ह्याचे थर एकाखाली एक उघडे पडलेले दिसतात. त्यातल्या सर्वांत खालच्या थरावर माझं सगळं आयुष्य गेलं. तो लाव्हा वर येताना वाटेतला जुना ग्रॅनाइट वितळवून पोटात घेऊन आला, असं मी तरुणपणी मांडलं. लोक हसले. पुढे कोयनेला खोल बोअर घेतलं तेव्हा काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइटच लागला आणि हसणं बंद झालं. आता आमच्या क्षेत्रात ‘मगदूमांचा थर’ म्हणतात त्याला. निवृत्तीआधी एकदा नव्या, भरपूर नमुन्यांवर हे पक्कं करून ठेवायचं, एवढंच राहिलंय.

हातोडा दोनदा सटकला. बेसाल्ट फोडताना कोन साधला नाही तर सटकतोच. अपेक्षानं न विचारता माझ्या हातातून हातोडा घेतला आणि स्वतः फोडायला लागली. मुलांना हल्ली धीर नाही. परतताना गाडीपर्यंतच्या उतारावर तिनं माझा दंडही धरला होता. मी काय ऐंशीचा झालो का?

१७ नोव्हेंबर, रविवार

त्रिशला हल्ली कपात अर्धाच चहा ओतते. विचारलं तर म्हणाली, पूर्ण भरला की गार होतो. परत मागितला की परत देते, म्हणून भांडलो नाही.

सकाळी गॅसचं बटण उघडं राहिलं होतं. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. ती देवळातून आली आणि दारातूनच ओरडली. मला वास आला नाही, सर्दी झाली असणार. तिनं विचारलं, सर्दी कुठाय? मी म्हटलं, आत आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आधीच्या नमुन्यांवर जर्नलला पाठवलेल्या लेखाबद्दल परीक्षकांचं म्हणणं आलं. दोन्ही परीक्षकांनी एकच बोट ठेवलंय: प्रमाण नमुन्यांचे आकडे जागेवर नाहीत.

ही गोष्ट नीट लिहून ठेवतो. दगड कुटून, पूड करून, आम्लात विरघळवून त्यात कुठलं मूलद्रव्य किती हे आम्ही मोजतो. मोजणारं यंत्र आमच्याकडे नाही, बाटल्या पुण्याला जातात. आपलं मोजमाप बरोबर आहे हे कळावं म्हणून प्रत्येक खेपेला अशा एका दगडाची पूड सोबत घालायची, ज्याचे आकडे जगभर आधीच पक्के आहेत. तो प्रमाण नमुना. त्याचं उत्तर बरोबर आलं तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. आमच्या प्रमाण नमुन्यांत प्रत्येक मूलद्रव्य कमी आलंय, कधी थोडं, कधी फारच. काही दगडांच्या दुहेरी मोजण्यांतही तेच.

सगळी मूलद्रव्यं सारख्याच प्रमाणात कमी आली म्हणजे द्रावणात पाणी जास्त पडलंय, दुसरं काय असणार. पातळ करण्याचं काम अपेक्षाचं. प्रमाण नमुने आणि दुहेरी मोजणीतली दुसरी पूड तोलणं, विरघळवणं माझ्याकडे; ते मी पहिल्यापासून कुणाला दिलेलं नाही. बाकीचे दगड अपेक्षा तोलते.

९ डिसेंबर, सोमवार

नवी खेप लावली. वजनकाट्यापाशी उभी राहून अपेक्षा म्हणाली, “सर, यावेळी प्रमाण नमुने मी तोलू का?”

मला राग आला. चूक पातळ करण्यात आहे, आणि ही तोलायला मागते. मी म्हटलं, तुझं काम तू नीट कर, तेवढं पुरे.

वीरधवल दारातून बघत होता. तो माझा जुना विद्यार्थी, आता विभागप्रमुख. नंतर माझ्या खोलीत येऊन म्हणाला, सर, तुम्ही कुणावर रागावलाय का, मुलं म्हणतात सर हल्ली हसतच नाहीत. मी तर हसूनच बोलत होतो त्याच्याशी.

१५ डिसेंबर, रविवार

दुपारी बाहेरून आलो तर अपेक्षा आमच्या स्वयंपाकघरात. त्रिशला तिच्यासमोर पाटावर बसलेली. मला बघून दोघी गप्प झाल्या. अपेक्षा उठली, “येते काकू” म्हणाली आणि गेली. त्रिशलाचे डोळे लाल होते. कांदा आमच्या जैनाच्या घरात येत नाही, तेव्हा तेही कारण नाही. थंडी बाधली असेल.

मला कळलं नाही असं त्यांना वाटत असेल. मुलगी वशिला लावायला आली होती. ‘काकू, सरांना सांगा.’ हे मला मुळीच आवडलेलं नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

पुण्याहून आकडे आले. पुन्हा तेच. या वेळी तर एक प्रमाण नमुना इतका कमी, की पाहून हसू यावं.

वीरधवलच्या खोलीत तिला बोलावलं. त्याच्यासमोरच विचारलं, पातळ करताना तू चुकतेस की बेफिकीर आहेस, एवढं सांग.

“मी पातळ करताना चुकत नाही, सर.”

“मग कोण चुकतं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वीरधवलकडे. मग खाली पाहत राहिली. मला वाटलं आता बोलेल. ओठ हललेही. पण बोलली नाही. खरं असतं तर माणूस गप्प बसत नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकलोय. मी तिथेच लिहून दिलं की हिला या प्रकल्पातून कमी करावं, आणि शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीला माझी शिफारस नाही.

वीरधवल म्हणाला, सर, आठ दिवस थांबूया. मी म्हटलं, सही तुला करायची नसेल तर तसं लिही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

लॅबच्या किल्ल्या टेबलावर होत्या. तिनं आपला कप्पा धुऊन पुसून ठेवलाय. कुठेही चिठ्ठी वगैरे नाही.

त्रिशलाला सांगितलं. ती जेवताना उठून गेली. तिला ती मुलगी लेकीसारखी होती हे मला ठाऊक आहे, पण कामात लेकी-बाळी आणून चालत नाही. तिनं मिरजेच्या कुठल्याशा डॉक्टरांचा विषय परत काढला. दर हिवाळ्यात माझा हात थरथरतो, म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का?

६ जानेवारी, सोमवार

सगळं मी एकट्यानं केलं. तोलणं, विरघळवणं, पातळ करणं. बरं वाटलं. विद्यार्थी असताना असाच एकटा राबायचो.

काट्याच्या पारड्यावर आणि खाली टेबलावर पूड सांडलेली दिसते. मागेही दिसायची. पंख्याची हवा लागते. शिपायाला सांगून पंखा बंद करवला. पूड तरी सांडलीच. खिडकी असेल.

२३ जानेवारी, गुरुवार

आकडे आले.

अपेक्षा असतानाच्यापेक्षा वाईट.

पुण्याच्या प्रयोगशाळेला फोन केला, यंत्र तपासा म्हटलं. तिथला माणूस सौम्यपणे म्हणाला, सर, त्याच दिवशी दुसऱ्या दोन संस्थांचे नमुने लावले होते, त्यांचे प्रमाण नमुने अगदी बरोबर आलेत. मग त्यानं विचारलं, त्या भोईटे मॅडम नाहीत का आता? त्या बाटल्यांवर फार सुंदर लिहायच्या. यावेळचं अक्षर आम्हाला भिंगानं वाचावं लागलं.

यंत्र बिघडलेलं नाही. पाणी तेच, आम्ल तेच, बाटल्या त्याच. अपेक्षा नाही. बाकी काय राहिलं त्याची यादी करायला बसलो आणि थांबलो.

२४ जानेवारी, शुक्रवार

कॉलेजला गेलो नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

हे लिहायला नको असं वाटतंय, म्हणून लिहितो.

आम्ही दगड विरघळवतो ते हायड्रोफ्लोरिक आम्लात. ते काच खातं. कातडीवर पडलं तर कधी लगेच दुखतही नाही, आणि आतल्या हाडापर्यंत पोचतं. ते आम्ल मी तीस वर्षं हाताळलं, एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. आज बाटली उचलली आणि ती माझ्या हातात राहिली नाही. हूडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या आतच, ट्रेमध्ये आडवी झाली. हातमोजे होते, अॅप्रन होता. उजव्या बाहीवर थोडं उडालं.

मला हलताच आलं नाही. हात मागे घ्यायचा हे कळत होतं, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. बाजूच्या खोलीतून वीरधवल धावत आला, मला मागे ओढलं, बाही कापली, पाण्याखाली हात धरला, मलम चोळलं. कातडीपर्यंत गेलं नव्हतं. मग त्यानं चुना टाकून सगळं निस्तरलं आणि लॅबचं दार बाहेरून बंद केलं. कुलूप लावताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्यानं त्रिशलाला फोन केला. ती रिक्षानं आली.  म्हणाली, मिरजेची वेळ शुक्रवारची घेतलेली आहे. कधी घेतलीस, विचारलं. नोव्हेंबरात, म्हणाली. तीनदा पुढे ढकलली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मिरजेचे डॉक्टर तरुण आहेत, तिशी-पस्तिशीचे. मला चालायला लावलं, फिरून यायला लावलं. चालताना उजवा हात हलत नाही, म्हणाले. मला वाटायचं मी रुबाबात चालतो. बोटं भराभर उघड-मीट करायला लावली. कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. ‘मी सांगलीला राहतो’ असं लिहिलं. शब्द पुढे पुढे मुंगीएवढे होत गेले. वास येतो का, विचारलं. मी म्हटलं सर्दी आहे. त्रिशला म्हणाली, दोन वर्षं येत नाही.

पार्किन्सन.

गोळ्या दिल्यात. थरथर बरीच कमी होईल, ताठरपणाही, असं म्हणाले. बरा होतो का, हे मी विचारलं नाही. शिकवता येईल, लिहिता येईल, हळू. आम्लाचं काम बंद. ते त्यांनी दोनदा सांगितलं.

बाहेर बाकावर त्रिशलानं माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. ती गेलं वर्षभर रोज लावतेय, हे माझ्या आज लक्षात आलं.

९ फेब्रुवारी, रविवार

वीरधवलकडून किल्ली मागून घेतली. फक्त काट्याच्या खोलीची. रिकाम्या कागदावर साधी पूड तोलली, आकडा लिहिला, आणि कागद भांड्यात उलटा केला, नेहमीसारखा. मग भांडं परत तोललं.

निम्मी पूड भांड्यात गेलीच नव्हती. कागदाच्या घडीत, टेबलावर, माझ्या बाहीवर. आकडा मात्र वहीत पूर्ण लिहिलेला.

पाणी जास्त नव्हतं पडत. दगड कमी पडत होता. उत्तर दोन्हीचं सारखंच येतं. मी एकच बाजू पाहिली, कारण दुसऱ्या बाजूला मी उभा होतो.

“सर, यावेळी प्रमाण नमुने मी तोलू का?” तिला माहीत होतं. मग बोलली का नाही? वीरधवलच्या खोलीत मी तिला विचारलं होतं, कोण चुकतं म्हणून. एवढंच सांगायचं होतं तिनं.

१६ फेब्रुवारी, रविवार

फलटणला जाऊन आलो. विटा, दहिवडी करत. गाडी वीरधवलनं चालवली.  मुलीवरचा आरोप मागे घेतल्याचं मी गेल्या आठवड्यातच लिहून दिलंय, शिष्यवृत्तीची शिफारसही. पण मुदत उलटून गेली होती, आता वरून मंजुरी येईल तेव्हा.

अपेक्षा घरी नव्हती. तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, आज जादा तास होता. सुभेदार भोईटे एकटेच ओसरीवर. उंच, ताठ माणूस. पाणी दिलं, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. आजाराचंही सांगितलं, मग लगेच म्हटलं की आजार हे कारण म्हणून सांगत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सर, तुमी आलासा ते बरं केलंसा. आजाराचं वाईट वाटलं. पन आमची पोरगी म्हैनाभर भिंतीकडं तोंड करून झोपायची. गावात लोक विचारायचं, का गं परत आलीस. काय सांगनार ती?”

मी म्हटलं, माझी चूक आहे. मी माफी मागायला आलोय.

“हितं मागून काय उपेग, सर? फौजेत साहेब चुकला तर त्यानं परेडवर म्हनायचं असतंय, खोलीत न्हाई. तुमी तिला काढलीसा ते साऱ्या कालिजाला कळलं न्हवं? मग म्हागारी बी तितंच घ्या.”

वीरधवल माझ्याकडे पाहत होता. मी हो म्हटलं.

तेवढ्यात ती आली. मला बघून दारातच थांबली. बारीक झालीये. मी उठायला गेलो, तोल गेला, तिनं धरलं नाही. खांबाला धरून उभा राहिलो आणि विचारलं, “तुला ठाऊक होतं. मग का बोलली नाहीस?”

“काकूंनी हात जोडले होते, सर. म्हणाल्या, डॉक्टरांकडे नेते त्यांना, तोवर तू बोलू नकोस. काम गेलं तर ते जगायचे नाहीत म्हणाल्या.” मग म्हणाली, “मला वाटलं दोन आठवड्यांचा प्रश्न आहे.”

परत येण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, बघते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल घरी आल्यापासून त्रिशलाशी बोलायचं होतं. आज दुपारी ती गहू निवडत बसली होती. मी म्हटलं, अपेक्षा भेटली. तिचा हात थांबला.

“सांगितलं तिनं?”

“हो.”

“तुम्ही तिला काढलंत त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.” गव्हातच बघत ती म्हणाली, “तिचं वय आहे, ती उभी राहील असं वाटलं. तुमचं काम काढून घेतलं तर खाली काय उरतं, ते मी बघितलेलं नाही कधी. मला भीती वाटली.”

मी रागवायला हवं होतं. पण कुणावर रागवायचं ते ठरेना. तिच्या शेजारी बसलो आणि गहू निवडायला लागलो. दाणे सुपाबाहेर पडत होते. ती ते परत उचलून घेत होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

विभागाच्या शनिवारच्या व्याख्यानाची वेळ मागून घेतली. सगळे होते: प्राध्यापक, एमएस्सीची दोन्ही वर्षं, शिपाई, लॅबवाले. फळ्यावर तीन खेपांचे आकडे लिहायला वीरधवलला सांगितलं. कुठली पूड कुणी तोलली, कुणी पातळ केली, ते समोर लिहिलं. जिथे मी तोललं तिथे चूक, जिथे अपेक्षानं तोललं तिथे आकडे बरोबर. एमएस्सीच्या पोरांनाही दिसलं असतं. मला दिसलं नाही.

आजाराचं नाव घेतलं. मग म्हटलं की हातानं केलेल्या चुकीला औषध आहे. पण चूक आपली असूच शकत नाही, असं मी धरून चाललो, तो आजार नव्हता. ‘मी अपेक्षा भोईटे यांच्यावर खोटा आरोप केला’ हे वाक्य लिहून नेलं होतं. वाचताना आवाज घोगरा झाला, मागच्या बाकावर ऐकू गेलं नाही. कुणीतरी म्हणालं, सर, परत वाचा. परत वाचलं.

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. बरं झालं. अपेक्षा आली नव्हती. मागच्या दाराशी सुभेदार मात्र उभे होते, सकाळच्या एसटीनं आलेले. माझ्याकडे बघून मान डोलावून गेले.

१८ एप्रिल, शुक्रवार

अपेक्षा परत आलीये. मार्चपासून. तिच्या अटी वीरधवलनं मला वाचून दाखवल्या: मार्गदर्शक वीरधवल, लॅबची जबाबदारी तिची, मी सल्ल्यापुरता. मी मान्य केलं. तिनं घाटातल्या खालच्या थराचे सगळे नमुने नव्यानं कुटलेत, शिवाय स्वतः जाऊन आणखी आणलेत. मी लॅबच्या काचेच्या दाराबाहेर स्टुलावर बसतो. आत यायला मनाई तिनं केलेली नाही. मीच जात नाही.

माझ्याशी ती कामाचं बोलते. पूर्वी डब्यातलं काहीतरी आणून द्यायची, ते आता नाही. गोळ्यांनी हात बराच शांत आहे. कधी वाटतं, आता एकदा तोलून पाहावं. मग स्टुलावरच बसून राहतो.

३० मे, शुक्रवार

उद्या शेवटचा दिवस. निरोप समारंभ मी नको म्हटलाय.

दुपारी पुण्याहून अपेक्षाच्या खेपेचे आकडे आले. तिनं मला आणि वीरधवलला टेबलाशी बोलावलं. आधी प्रमाण नमुने पाहिले. एकूणएक जागेवर. इतके नेमके आकडे या लॅबमधून आजवर निघालेले नाहीत, माझ्या उमेदीतही नाहीत.

मग खालचा थर. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ग्रॅनाइट पोटात घेतल्याची जी खूण मी धरली होती, ती या थरात जवळपास नाही. लाव्हा सरळ वर आलाय, वाटेत काही न खाता. माझे जुने नमुने थोडे होते, आणि ते बहुधा भेगांमधून पाणी मुरून खराब झालेल्या जागेचे होते. वरच्या दोन थरांत खूण आहे, पण तीही मी म्हटलं होतं त्याच्या निम्मीच.

वीरधवलनं कागद ओढून घेऊन परत वाचला. अपेक्षा म्हणाली, “सर, मी नमुने परत लावू का एकदा?”

मी तिच्याकडे पाहिलं. डिसेंबरात हिचं करिअर मी दोन ओळींत संपवलं होतं, आणि आज ही माझ्यासाठी वेळ मागत होती. माझ्या निवृत्तीपर्यंतचा, उद्यापर्यंतचा.

“प्रमाण नमुने बरोबर आहेत ना?” मी विचारलं.

“हो, सर.”

“मग परत कशाला? लिही.”

“काय लिहू?”

“आलंय ते. आणि पहिल्याच परिच्छेदात लिही, की मगदूम यांचं म्हणणं या थराला लागू पडत नाही. शेवटी कुठेतरी ढकलू नकोस.”

तिनं लॅपटॉप उघडला आणि टाइप करायला लागली. वाक्य एकदा पुसलं, परत लिहिलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, असं चालेल का? वाक्य फार मऊ झालं होतं. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली, आणि आम्ही दोघं ते कडक करायला बसलो.